चंचलबाईंचा रेडॉन

५ मे, सोमवार

प्रिया काल गेली. वीस दिवसांसाठी पोर आली काय, चुलत बहिणीच्या हळदीत नाचली काय, आणि आत्ता कुठल्या तरी समुद्रावर विमानात बसून परत कॅनडाला, विनिपेगच्या कॉलेजात निघालीसुद्धा. घर खायला उठलंय. सकाळपासून दोनदा ओटा पुसला, मग ही वही काढली. सुट्टीत रोज चार ओळी लिहा, असं मी शाळेतल्या मुलांना पंचवीस वर्षं सांगते आहे. स्वतः आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

तशी मला रडत बसायला सवड नाही. सोळा जूनला माझा विज्ञानाचा क्लास सुरू होतोय. नववी-दहावी, मराठी माध्यम. सुरतेतल्या अख्ख्या लिंबायतमध्ये मराठीतून विज्ञान नीट शिकवणारं दुसरं कुणी नाही, हे मी गर्वानं नाही, माहितीनं लिहिते. चौदा नावं आली आहेत. जागा आमच्याच घराचा तळमजला. तिथे सासऱ्यांचे, म्हणजे धुडकू आप्पांचे, चार माग होते. गेल्या वर्षी ते भंगारात गेले. आता तिथे फक्त आप्पांची खाट आणि एक पंखा आहे. संध्याकाळी मुलं बसतील, रात्री आप्पा झोपतील. ही योजना माझीच, त्यामुळे त्यात खोट नाही.

एक लिहायचं राहिलं. निघताना प्रियाच्या बॅगेचं वजन जास्त भरलं, तर तिनं आतून एक पांढरी डबी काढून माझ्या हातात दिली. "रेडॉन मोजायचं यंत्र आहे. आठ महिने माझ्या टेबलावर होतं. राहू दे इथंच."

"अगं, मग तुला?"

"मला नको. बघून बघून कंटाळा आलाय."

पोरीचं मन बघा. बॅगेतले पापड नाही काढले, यंत्र काढलं. माझ्या क्लाससाठीच ठेवून गेली, दुसरं काय.

७ मे, बुधवार

आज यंत्र खाली आप्पांच्या खाटेजवळच्या स्टुलावर ठेवलं. सोबत माहितीचा कागद होता, तो निम्मा वाचला. उरलेला बारीक अक्षरात होता आणि मी काही विज्ञानात नवी नाही.

तर रेडॉन. रंग नाही, वास नाही. जमिनीत युरेनियम अगदी कणभर सगळीकडेच असतं, ते झिजत झिजत त्यातून हा वायू सुटतो. उघड्यावर हवेत विरून जातो. पण जमिनीला टेकलेल्या बंद खोलीत तो फरशीच्या फटींतून वर येतो आणि साचतो. दोन-चार दिवसांत काही होत नाही. वर्षानुवर्षं श्वासातून जात राहिला तर फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्याला तर धोका कितीतरी पट. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, जमेल तर घनमीटर हवेत शंभर बेकरेलच्या आत ठेवा. कॅनडात दोनशेच्या वर गेलं की घरात उपाय करा म्हणतात.

यंत्रावर दोन आकडे दिसतात. वरचा मोठा, लांब मुदतीची सरासरी. खालचा लहान, कालच्या दिवसाचा.

खालचा एक्केचाळीस. वरचा चारशे चोवीस.

मी चष्मा पुसून परत बघितलं. चारशे चोवीसच.

आमचे हे संध्याकाळी मार्केटातून आले. यांचं नाव धर्मेंद्र, नोकरी साड्यांच्या पार्सल ऑफिसात, आणि घाबरणं यांना माहीतच नाही. म्हणाले, "खालचा आकडा तर एक्केचाळीस आहे की!"

"अहो, एका दिवसाचा आकडा कधीच धरायचा नसतो. हवा बदलली की तो बदलतो. सरासरी धरायची. हेच तर शास्त्र आहे."

"बरं मास्तरीणबाई," म्हणाले आणि जेवायला बसले.

चौदा मुलं. रोज दोन तास. देवा रे.

९ मे, शुक्रवार

भगवान मिस्त्रीला बोलावलं. त्यानं तळमजल्यावरची प्लास्टिकची चटई गुंडाळली आणि माझा अंदाज तंतोतंत खरा निघाला. माग ज्या बोल्टांवर बसवलेले होते त्यांची सोळाच्या सोळा भोकं फरशीत तशीच उघडी! माग काढणाऱ्यांनी त्यात चिंध्या कोंबल्या होत्या आणि आम्ही वरून चटई टाकून मोकळे झालो होतो. एका भोकात भगवाननं सळई घातली, ती हातभर आत गेली.

"बाई, इथून उंदीर येईल," भगवान म्हणाला.

"उंदीर परवडला, भगवान," मी म्हटलं, आणि त्याला अर्धा तास रेडॉन समजावला. त्यानं कान देऊन ऐकलं आणि शेवटी विचारलं की सिमेंट कुठलं आणू.

आज वरचा आकडा चारशे एकवीस. काम सुरू व्हायच्या आधीच तीननं उतरला, याचं कारण चटई काढून खोलीला वारा लागला हे उघड आहे.

१२ मे, सोमवार

आप्पांना आज वर हलवलं, प्रियाच्या खोलीत. सकाळी नऊला विषय काढला, दुपारी दोनला खाट वर गेली. मधले पाच तास लिहीत नाही.

आप्पांशी मी मराठीत बोलते, ते माझ्याशी अहिराणीत. तीस वर्षं असंच चालू आहे आणि दोघांनाही सगळं कळतं. आज मात्र त्यांनी मुळीच कळून घेतलं नाही. "मी आठेच झोपसू," म्हणजे इथेच झोपणार, एवढं एकच वाक्य. मी म्हटलं, आप्पा, मागाच्या तुसानं तुमची छाती आधीच अर्धी गेली आहे, त्यात जमिनीतून हे. चारशे एकवीस! मुलं दोन तास बसणार, तुम्ही दिवसाचे वीस तास तिथे असता. हे बोलता बोलता माझं मलाच चरकलं. सात तारखेपासून मी मुलांचीच काळजी लिहिते आहे. म्हातारा माणूस त्याच खोलीत झोपत होता आणि मला पाच दिवसांनी सुचलं. लाज वाटली. लिहून ठेवते.

बावीस पायऱ्या आहेत. ह्यांनी आणि भगवाननं दोन्हीकडून धरून नेलं. वर गेल्यावर आप्पा माझ्याशी बोलले नाहीत.

१४ मे, बुधवार

पालकांना सांगायचं की नाही, यावरून आज घरात तू तू मैं मैं झाली. हे म्हणाले, "कुणाला काय कळणार आहे? भोकं बुजवलीस, पंखा बसवशील, झालं. कशाला बोभाटा?"

मी म्हटलं, दुसऱ्याच्या लेकराला मी ज्या खोलीत बसवणार तिथली हवा कशी आहे हे त्याच्या आईला कळलंच पाहिजे. प्रियाच्या बाबतीत कुणी असं लपवलं तर मी त्याला सोडेन का?

दुपारी पालकांच्या ग्रुपवर टाकलं. सगळं सविस्तर, आकड्यांसकट.

१५ मे, गुरुवार

चौदातली सहा नावं गेली.

आणि गल्लीत वेगळीच बोंब उठली आहे की चंचलबाईंच्या घरात गॅस गळतोय. समोरच्या सोनाबाईंनी काल रात्रीपासून स्वतःच्या सिलिंडरचा रेग्युलेटर काढून ठेवला आहे आणि स्टोव्हवर चहा करतायत. मी त्यांच्या दारात उभी राहून सांगितलं, हा तो गॅस नाही, हा जमिनीतला, याला आग लागत नाही. त्या म्हणाल्या, "बाई, पन मंग तुम्ही पळत का नाही?"

हसावं की रडावं! मी खरं बोलले, त्यात काय चुकलं? तरी रात्री जेवण गेलं नाही.

१८ मे, रविवार

चारशे आठ. रोज एक-दीडनं उतरतोय, घड्याळासारखा. भोकं बुजली, भिंतीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसला. खालचा आकडा मात्र चाळीस-पंचेचाळीसच्या आसपास होता तसाच आहे. उपाय केल्यावर तो का हलत नाही, असं आज एकदा मनात आलं. पण एका दिवसाच्या आकड्यामागे लागायचं नाही हे मीच सगळ्यांना सांगते, तेव्हा मीही लागणार नाही.

प्रियाचा फोन आला. तिला यातलं काही सांगायचं नाही हे मी पहिल्याच दिवशी ठरवलंय. परीक्षा तोंडावर आहे, उगाच तिकडे जीव टांगणीला. पण तिनंच विचारलं, "आई, ते यंत्र लावलंस का?"

"छे गं, कपाटात आहे. क्लास सुरू झाला की बघू."

"हं. असू दे कपाटातच." मग म्हणाली, "आप्पा कसे आहेत?"

"मजेत." दोन थापा एका दमात. पण पोरीला काळजीत टाकण्यापेक्षा बरं.

२२ मे, गुरुवार

आप्पा दोन दिवस नीट जेवत नाहीत. खाली असताना दार उघडं असायचं, येणारा-जाणारा "काय आप्पा" करून टेकायचा. वर कोण चढणार? मी म्हटलं, आप्पा, बघा किती छान हवा येते खिडकीतून. म्हणाले, "हवा शे, मानसं नहीत."

थोडे दिवस, आप्पा. शंभरावर येऊ द्या.

२५ मे, रविवार

तीनशे नव्व्याण्णव! चारशेच्या खाली! मी पेढे आणले. ह्यांनी दोन खाल्ले आणि विचारलं, "या वेगानं शंभरावर कधी येणार?" मी हिशोब केला. पुढच्या वर्षीची संक्रांत उजाडणार. हातातला पेढा परत खोक्यात ठेवला.

भगवानला फोन केला. सगळी फरशी उखडून खाली जाड प्लास्टिक अंथरायचं आणि नवी फरशी घालायची. तो पुढच्या रविवारी माणसं घेऊन येतो म्हणाला. क्लास सोळा जूनला सुरू होणार नाही. जुलैत होईल. होईल म्हणजे होईलच.

३१ मे, शनिवार

आज जे झालं ते नीट क्रमानं लिहिते.

उद्या फरशी फुटणार म्हणून मी यंत्र वर आणलं आणि आप्पांच्या खाटेवर ठेवून आवराआवर करत होते. आप्पांनी ते हातात घेतलं. एकोणीस दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलले. "हाई कव्हढा दिनपासून मोजस?"

"वर्षभराची सरासरी दाखवतं, आप्पा."

"यंत्र महिनाभर पहिले उनं, आन् वरीसभरनं कसं सांगस?"

मी हसले. महिन्यापूर्वी आलेलं यंत्र वर्षाचं कसं सांगतं, म्हणे! हसलेच मी. म्हटलं, त्याची पद्धत असते. आप्पा म्हणाले, माझीपण पद्धत होती. कारखान्यात रातपाळीचा माणूस उठायचा आणि दिवसपाळीला आप्पा त्याच मागावर बसायचे. माग तोच, कापड तेच, चालूच. म्हणून बसायच्या आधी कापडावर खडूनं रेघ ओढायची. रेघेच्या अलीकडचं त्याचं, पलीकडचं आपलं. "पहिले खडूनी रेघ मारानी. नही तं त्यानं कापड मन्हा नाववर जाय." आणि मग यंत्र माझ्यापुढे धरून विचारलं, "तू रेघ मारी व्हती का?"

मी यंत्र त्यांच्या हातातून घेतलं.

रेघ. मी यंत्र शून्यावर आणलंच नाही. डबीतला कागद शोधला, बारीक अक्षरांची बाजू काढली. तिसरी ओळ: जागा बदलली की आधीची नोंद पुसा, नाहीतर सरासरीत जुन्या जागेचे दिवस मिसळतात.

वहीचंच पान फाडून गणित मांडलं. प्रियाकडचे आठ महिने, म्हणजे दोनशे चाळीस दिवस. आमच्याकडचे, प्रियाच्या बॅगेतले वीस धरून, सत्तेचाळीस. आमच्याकडचा रोजचा आकडा पंचेचाळीस धरला. आजची सरासरी तीनशे ब्याण्णव. मग ते दोनशे चाळीस दिवस किती हवेत?

चारशे साठ.

हे दारात उभे होते. म्हणाले, "म्हणजे आपलं घर चांगलंच आहे? अगं मग रडतेस काय? सुटलो की!"

मी गणिताचा कागद त्यांच्यापुढे धरला. आप्पांनाच कळलं. त्यांनी मला विचारलं, "पोर कोठे झोपस तठे?"

बेसमेंटमध्ये, आप्पा. जमिनीखालच्या खोलीत. बर्फ पडतो म्हणून सहा महिने खिडकी न उघडणाऱ्या खोलीत. आणि मी इथे सोळा भोकं बुजवत बसले.

त्याच संध्याकाळी

तिकडे सकाळचे साडेआठ. पहिल्याच रिंगला उचलला. मी नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, "तुझ्या खोलीत चारशे साठ होतं?"

तिकडे दार लावल्याचा आवाज आला. मग, "तू लावलंस यंत्र."

"होतं का?"

"थंडीत पाचशेच्या वर जायचं. आई, काही लगेच होत नसतं त्यानं."

"मला शिकवू नकोस. आठ महिन्यांनी काही होत नाही, हे मला माहीत आहे. अजून तीन वर्षं राहिलीस तर? सांगितलं का नाहीस?"

तेव्हा ती म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते. "फेब्रुवारीत केला होता ना फोन. खोली बदलू का विचारलं. तू म्हणालीस, मागाच्या खटखटाटात आठ जण झोपायचो आम्ही, ॲडजस्ट करायला शिक. पंधरा मिनिटं बोललीस. मला पुढचं सांगूच दिलं नाहीस."

आठवलं. फोन ठेवल्यावर मी ह्यांना म्हटलंही होतं, बघा, कसं खंबीर केलं पोरीला.

मी म्हटलं, "चुकले मी." दोनदा म्हटलं. एकदा तिच्यासाठी, एकदा स्वतःला ऐकू यावं म्हणून.

१ जून, रविवार

भगवानला परत पाठवलं. आप्पा सकाळी सातलाच स्वतःच्या पायांनी बावीस पायऱ्या उतरले. खाट मागून गेली.

संध्याकाळी प्रियाच्या घरमालकांना फोन केला. बिपिनभाई, आणंदकडचे. मी गुजरातीत सुरुवात केली. ते गोड हसून म्हणाले, "बेन, अहीं बधांना घरमां थोडुंघणुं होय ज." म्हटलं, सगळ्यांच्या घरी थोडंफार असेलही, पण थोडं आणि चारशे साठ यांत फरक आहे. घाबरायचं कारण नाही, उपाय आहे. फरशीखालून एक पाइप काढायचा, त्याला पंखा लावायचा, तो जमिनीतली हवा खोलीत यायच्या आधीच छपरावरून बाहेर टाकतो. तुमच्याकडे हे करणारी माणसं गावोगाव आहेत. ते हं हं करत राहिले. मला तो सूर ओळखीचा आहे, मागच्या बाकावरची मुलं असंच करतात.

मग मी विचारलं, "बिपिनभाई, तमारां छोकरां क्यां रमे छे?"

बेसमेंटमध्ये. प्रियाच्या खोलीच्या बाजूलाच मुलांची खेळायची खोली. जुळे आहेत, चार वर्षांचे. ते सांगता सांगता थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, "बेन, पाइपनुं फरी समजावो ने."

दुसऱ्यांदा समजावलं. या वेळी लिहून घेत होते. प्रिया आजपासून वर, त्यांच्या आईच्या, म्हणजे बांच्या, खोलीत झोपेल, हे त्यांनीच सुचवलं.

४ जून, बुधवार

यंत्र शून्यावर आणून आप्पांच्या खाटेशी ठेवलं होतं. तीन दिवसांत चव्वेचाळीस. आप्पांनी बाजूच्या भिंतीवर खडूनं रेघ ओढून ठेवली आहे, मला टोमणा म्हणून. राहू दे.

ग्रुपवर लिहिलं: आकडा आमच्या घराचा नव्हता, यंत्र लावताना मी चूक केली, चूक पूर्णपणे माझी. खोली चांगली आहे, यंत्र तिथेच राहील, कुणीही येऊन बघावं. हे म्हणाले, "एवढं लोटांगण कशाला? यंत्र बिघडलं होतं म्हण." नाही म्हटलं. यंत्रानं एकही आकडा खोटा दाखवला नव्हता.

सहातली तीन नावं परत आली. शिवाय एक नवीन, सोनाबाईंची नात. क्लास सोळालाच.

८ जून, रविवार

प्रियाचा फोन. पाइप बसवणारा माणूस येऊन बघून गेला, काम पुढच्या आठवड्यात. परीक्षा बरी गेली. बा रात्रभर घोरतात. खिडकी उघडी ठेवली तर जूनमध्येही थंडी वाजते. मी म्हटलं, "वाजू दे, दोन पांघरुणं घे."

मग ती म्हणाली, "आई, मी घाबरले होते गं. रोज झोपायच्या आधी तो आकडा बघायचे आणि दिवा मालवायचे. कुणाला सांगणार?"

माझ्या तोंडाशी दहा गोष्टी आल्या. तू अमुक करायला हवं होतंस, मी तमुक म्हटलं नव्हतं का, पुढच्या वेळी असं कर. सगळ्या गिळल्या. तिनंच विचारलं, "आई? आहेस ना? बोल ना काहीतरी."

"तू बोल," मी म्हटलं. "मी ऐकते."

ती पाऊण तास बोलली.